सुगलामावशीचा तिसरा रकाना

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुगलामावशीला बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. पोरं जेवून उठली, पातेली घासून पालथी झाली, की ती उरलेली खिचडी ताटलीत घ्यायची आणि शाळेच्या पटांगणात फिरत फिरत खायची. एक घास कडुनिंबापाशी, दुसरा हापशापाशी, तिसरा फाटकापाशी. "मावशी, बसा की जरा," म्हटलं तर म्हणायची, "बसलं की आता कुणीतरी उठवंल असं वाटतंय, म्याडम. त्यापरीस उभंच बरं."

उंच, काटक बाई. वय पन्नाशीच्या पुढं. चालायची अशी, की मागून कुणी हाका मारतंय आणि हिला थांबायला वेळ नाही. मी करंजगावच्या शाळेत नवीन होते तेव्हा एकदा तिच्या घरी गेले. घर स्वच्छ, सारवलेलं. पण भिंतीला एक खिळा नव्हता. कपडे दोरीवर, आरसा पेटीवर टेकवलेला, कॅलेंडर धान्याच्या कोठीवर आडवं पडलेलं. नवरा पुण्याला वॉचमन, मुलगी नांदायला गेलेली. घरात ही एकटीच. मी विचारलं, "खिळा का नाही मारला?" ती हसली. "मारू की. घाई काय हाय?" त्या घरात राहायला येऊन तिला तीस वर्षं होऊन गेली होती.

करंजगावं दोन. एक जुनं, तेरणेच्या काठचं, जे धरणाच्या पाण्याखाली गेलं. दुसरं नवं, वर माळावर वसवलेलं, सरळ गल्ल्यांचं, झाडं कमी असलेलं. आमची शाळा नव्या गावात. शाळेचं स्वयंपाकघर सहावीच्या वर्गाला लागून होतं आणि मधल्या खिडकीला झडप नव्हती. फोडणीचा ठसका वर्गात यायचा, आणि वर्गातला इतिहास तिकडं जायचा. तो किती जातो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

मी प्राचीन नदीकाठच्या संस्कृती शिकवत होते. नाईल, युफ्रेटिस, सिंधू. नदीला पूर यायचा, ओसरताना सुपीक गाळ ठेवून जायचा. त्या गाळावर धान्य पिकलं, खाऊन उरलं. उरलं म्हणून साठवलं, साठवलं म्हणून गावं मोठी झाली, गावांची नगरं झाली. मी रंगात आले होते. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"म्याडम, ते उरलेलं धान्य दळत कोन हुतं?"

पोरं खिदळली. खिडकीत सुगलामावशीचा घामेजलेला चेहरा होता, हातात डाव.

"बायकाच दळत असतील," मी म्हटलं.

"पुस्तकात हाय का तसं?"

"दळायचे दगड सापडलेत."

"मंग लिवा की फळ्यावर. राजा लिवलाव, देऊळ लिवलाव. दळनारीन पन लिवा."

मी लिहिलं. त्या दिवसापासून सहावीच्या इतिहासाच्या तासाला खिडकीत तिचा चेहरा ठरलेला. आणि प्रश्न असे, की मला आदल्या दिवशी घरी पुस्तकं चाळावी लागायची. पुरात चुली विझल्यावर काय खायचे? मडकी नदीवरनं डोक्यावर आणायचे का काखेत? लहान पोरं बुडत असतील, त्यांचं काय?

सिंधू संस्कृतीतल्या झाकलेल्या गटारांचा धडा झाला तेव्हा तर ती चूलच विसरली. "खरकटं पानी असं लांब, आन् वरनं फरशी?" दोनदा विचारून घेतलं. पुढच्या आठवड्यात बघते तर स्वयंपाकघरामागं तिनं फुटक्या कौलांची आणि फरशीच्या तुकड्यांची एक नाली करायला घेतलेली. उतार बरोबर आहे का ते बघायला बादलीभर पाण्यात हळद कालवून ओतायची आणि पिवळं पाणी कुठं अडतंय ते वाकून बघत त्याच्यामागं चालत जायची. तीनदा उकरलं, तीनदा पुन्हा लावलं. शेवटी पाणी न अडता फाटकाबाहेरच्या चरीत गेलं, तेव्हा मला हाताला धरून बघायला नेलं. मी कौतुक करेपर्यंत ती पुढच्या कामाला निघूनही गेली होती.

पण धड्याच्या शेवटी तिनं मला अडवलं. मी फळ्यावर लिहिलं होतं : नद्यांची पात्रं बदलली, पाऊस घटला आणि लोक नगरं सोडून निघून गेले. लिहून हात झटकते तोवर ती खिडकीत नव्हती. वर्गाच्या दारात उभी होती.

"कुठं गेले?"

"नक्की माहीत नाही, मावशी. पांगले असतील. पूर्वेकडं, दक्षिणेकडं."

"समदेच? म्हाताऱ्या, बाळंतिनी, शेरडं-करडं?"

"हळूहळू गेले असतील."

"आन् मागं कोन ऱ्हायलं?"

ती फळ्याकडं बघत राहिली. "येवढं मोठं गाव उठलं, आन् येका वळीत?" असं म्हणून ती वळली. त्या दिवशी खिचडीत मीठ दोनदा पडलं. पुढं दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. जणू ती ओळ मीच रचली होती.

त्यामागचं कारण मला कळलं तेरच्या सहलीत. सोबत मोठी बाई हवी म्हणून तिला घेतलं होतं. संग्रहालयात पोरं पुढं पळत होती, आणि ही एका जुन्या मडक्यापुढं थांबून राहिली. काचेला नाक लावून बघत होती, आणि पाय मात्र जागच्या जागी हलत होते. मला म्हणाली, "ह्ये बगा, काजळी येकाच अंगाला हाय. चुलीला वारं ह्या बाजूनं लागत असनार. दार असंल तिकडं." मग जरा वेळानं, "कालवन करपलं असंल त्या बाईचं. शिव्या बसल्या असतील." आणि एकटीच हसली.

परतताना बसमध्ये जागा होती तरी ती दांडा धरून उभी राहिली. ढोकी गाव मागं पडलं, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, बस मुंगीच्या पावलानं जायला लागली. तेव्हा माझ्याकडं न बघता बोलली.

"म्या सहावीत हुते, म्याडम. दिवाळीपतोर शाळा झाली. मंग येक दिस ट्रॅक्टर आले आन् समदं गाव ट्रालीत. नव्या जागंवर नुसत्या चुन्याच्या रेघा मारलेल्या. ह्ये तुमचं, ह्ये त्यांचं. पत्रे टाकले, ऱ्हायलो. शाळा आली दोन वर्सांनी. तवर माझं लगीन झालं, ह्याच गावात. सहावीचं पुस्तक हुतं माझ्यापाशी. अर्धं ऱ्हायलं."

तेव्हापासून मला खिडकीतला तो चेहरा वेगळा दिसायला लागला.

त्यानंतर दोन वर्षांनी पावसानं पाठ फिरवली. धरण आटत गेलं. एप्रिलात सकाळची शाळा होती. एके दिवशी शाळेत गेले तर स्वयंपाकघराला कुलूप. असं कधीच झालं नव्हतं. पोरं म्हणाली, "मावशी धरणाकडं गेली. जुनं गाव वर आलंय."

दुसऱ्या बाईंना खिचडीचं सांगून मी निघाले. धरणाचं पोट उघडं पडलं होतं, भेगाळलेलं, राखाडी. मधल्या उंचवट्यावर दगडांच्या ओळी दिसत होत्या. पाऊण-एक हात उंचीचे भिंतींचे पाये, एक बांधीव ओटा, फुटकं जातं, चिरेबंदी आडाचं तोंड. आणि त्या ओळींमधून सुगलामावशी चालत होती, इकडून तिकडं, तिकडून इकडं, कुणाचं तरी घर शोधावं तशी. बाजूला जेसीबी उभा होता, मागं सात-आठ ट्रॅक्टर. धरणातला गाळ शेतात न्यायला आजूबाजूची गावं लोटली होती. जेसीबी ठरवून आणला होता तिच्याच दिरानं, बालाजीनं. चांगला, कष्टाळू माणूस. माळावरच्या त्याच्या रानात वीतभर माती आणि खाली मुरूम.

"वहिनी, बाजूला व्हा," बालाजी म्हणत होता. "मशीन उभंय."

"खालनं उचला की गाळ. तिकडं काय कमी हाय?"

"तिकडं चिखल हाय, मशीन रुततंय. आन् ही पांढरी हाय. ह्या मातीची सर त्या गाळाला न्हाय. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

तिला ठाऊक होतं. आमच्याकडं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पिकतं ती काळी आणि गाव वसतं ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, राखुंडा, खरकटं मुरलेली माती. ती रानात पडली की पीक उठून उभं राहतं. गाळावर गावं वसली, हे मी फळ्यावर लिहीत आले होते. वसलेल्या गावाचा पुन्हा गाळ होतो, हे इथं डोळ्यांनी दिसत होतं.

"न्यायला न्हाय म्हनत न्हाय," ती म्हणाली. "न्हे. पन हितं कोन कुठं ऱ्हात हुतं ते लिवून घिऊ दे आदी."

"लिवून काय पिकतंय, वहिनी?"

"म्याडमच्या पुस्तकात पाच हजार वर्सांमागच्या गावातलं मडकं न् मडकं लिवलंय. आन् आपल्या गावचं? तुझ्या पोराला इच्चार, तुजा आज्जा कुठं जल्मला. दाखीव म्हनावं बोटानं."

"पावसाच्या आत रान भरायचंय. मशीनवाला थांबंल का?"

जेसीबीवाल्यानं यंत्र चालू केलं. तेव्हा तिनं इकडं तिकडं पाहिलं, पदर खोचला आणि जेसीबीच्या पुढ्यात, त्या भेगाळलेल्या जमिनीवर मांडी घालून खाली बसली.

इतक्या वर्षांत मी तिला बसलेली पहिल्यांदाच पाहत होते. बालाजीही बघतच राहिला. यंत्राची धडधड चालू होती, ट्रॅक्टरवाले ओरडत होते, आणि ती हातानं जमिनीवरची ढेकळं फोडत बसली होती. शेवटी बालाजीनं हात वर केला. यंत्र बंद झालं.

"चार दिस," तो म्हणाला. "पाचव्या दिशी माझं ऐकायचं."

"व्हय," ती म्हणाली आणि उठून तडक माझ्याकडं आली. "म्याडम, वही पायजे. मोठी. आन् ती मापायची फीत."

त्या चार दिवसांइतकी दमणूक मी कधी केली नाही. शाळा सुटली की सातवीच्या पोरी, मीटर टेप, एक हजेरीपटासारखी जाड वही आणि मी. सुगलामावशी सगळ्यांच्या पुढं. गुंडूअण्णा म्हणून नव्या गावातले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ होते, डोळ्यांनी अधू, पण आठवण शाबूत. त्यांना तिनं ट्रॅक्टरच्या ट्रालीत खुर्ची टाकून आणलं. दुसऱ्या दिवशी आणखी म्हातारे आले, तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याही. भांडणं सुरू झाली. ही भिंत आमची, का मठपतीची? आड आधी का पार आधी? एक आजी एका ओट्यावर हात फिरवत म्हणाली, "हितंच माझी न्हानी हुती." आणि तिथंच रडत बसली. सुगलामावशी तिच्याजवळ थांबली नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, "लिवा, न्हानी."

वहीत मी दोन रकाने आखले होते : घर कुणाचं, माणसं किती. तिनं पेन घेऊन तिसरा आखला. रेघ वाकडी आली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कुठं गेली.

"ह्यो भरल्याबिगर घर झालं म्हनू नगा," तिनं पोरींना दम दिला.

मग तो रकाना भरत गेला. नवं करंजगाव. नवं करंजगाव. सोलापूर, चादरीच्या मागावर. पुणे, बांधकामावर. उमरग्याला लेकीकडं. वारली. वारले. कर्नाटकात, गाव आठवत नाही. एका घरापुढं गुंडूअण्णा म्हणाले, "हे लोक आपल्या आधीच उठले. बैलगाडी जुंपली आन् गेले. कुनाला सांगितलं न्हाय." त्या घरापुढं आम्ही लिहिलं, माहीत नाही. असं माहीत नाही बऱ्याच ठिकाणी लिहावं लागलं. प्रत्येक वेळी सुगलामावशी ओठ घट्ट मिटायची.

चौथ्या दिवशी दुपार होत आली. वही भरत आली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आडाच्या मागच्या एका ओळीला ती चार दिवस वळसा घालून जात होती. मी विचारलं, "मावशी, तुमच्या वडलांचं घर कोणतं?"

"ऱ्हाऊ द्या ते."

गुंडूअण्णांनी ऐकलं. काठीनं दाखवलं. "आडामागं. इराप्पाचं. उंबरा दिसत असंल अजून."

उंबरा होता. काळा, मधोमध झिजलेला. ती त्याच्यापासून चार हातांवर उभी राहिली आणि पुढं येईना.

"समद्यांनी दारं-खिडक्या काढून नेल्या," ती म्हणाली. "वासे काढले, कौलं काढली. माझ्या बापानं काईच काढलं न्हाय. आईनं बोलून बोलून तोंड दुखवलं. आमी ट्रालीत बसलो तवा त्यानं दार वडलं, कडी घातली, कुलूप लावलं, वडून बगितलं, आन् किल्ली करदुड्याला बांदली. समदा गाव हसला. पान्याला कुलूप लावतोय म्हनून. म्या बी हसले, म्याडम. पोरीसोरी हसत हुत्या, म्या बी हसले. त्यानं बगितलं."

तिनं पायानं एक ढेकूळ फोडलं.

"नव्या गावात सात वर्सं काढली त्यानं. पत्र्यात. ना भायेर झोपायचा, ना आत. येरझाऱ्या घालायचा. कुनी इच्चारलं, इराप्पा कसं काय, तर म्हनायचा, घराकडं जाऊन येतो. तसाच गेला."

वही धरलेली पोर कावरीबावरी होऊन माझ्याकडं बघत होती. घर : इराप्पा. माणसं : पाच. तिसऱ्या रकान्यावर तिचं पेन थांबलं होतं. आई, दोघं भाऊ, सुगलाबाई यांचं लिहून झालं होतं. "बाबांचं काय लिहू, मावशी? नवं करंजगाव लिहू?"

सुगलामावशी पुढं आली. उंबऱ्यावर हात टेकला. मग पोरीच्या हातातून वही घेतली आणि स्वतः लिहिलं. सहावी अर्धी सोडलेल्या बाईचं मोठं, सुटं सुटं अक्षर : गेला न्हाय.

पाचव्या दिवशी जेसीबी चालला. ती बघायला आली नाही. शाळेत खिचडी शिजवत होती. ट्रॅक्टर रस्त्यावरून गेला की डाव हातात घेऊन फाटकापर्यंत यायची, ट्राली भरलेली आहे का रिकामी ते बघायची आणि परत जायची. दिवसभर तिची ती ये-जा चालली होती. संध्याकाळी बालाजी येऊन म्हणाला, "वहिनी, तो उंबरा काढून ठिवलाय. आनू का घरी?" ती म्हणाली, "नगं. दार न्हाय त्याला." बालाजीनं तो आपल्या बांधावर नेऊन टाकला. पुढच्या हंगामात त्याच्या रानात तूर माणूसभर वाढली. सुगलामावशी त्या रानातून जाताना नांगरटीत वर आलेली खापरं वेचायची आणि बांधावर रचून ठेवायची. बालाजीची बायको कुरकुरायची, पण फेकली कुणी नाहीत.

त्या वहीची आम्ही प्रत केली. मूळ वही शाळेच्या कपाटात, प्रत तिच्याकडं. मला वाटलं, संपलं. तिच्या दृष्टीनं ते तेव्हा सुरू झालं. जिथं जिथं माहीत नाही लिहिलं होतं, तिथं तिनं लाल पेनानं खूण केली. दिवाळीच्या सुट्टीत ती सोलापूरला जाऊन आली. उसाचा हंगाम लागल्यावर ढोकीच्या कारखान्यापुढं जाऊन ऊसतोड्यांच्या टोळ्याटोळ्यांना विचारत फिरली, करंजगावचं कुणी हाय का. कुणी खुळी म्हणायचं, कुणी चहा पाजायचं. कधी रिकाम्या हातानं यायची, कधी शाळेच्या फाटकातूनच ओरडायची, "म्याडम, येक गावलं!" आणि मला धडा थांबवून वही बघावी लागायची. पुढं सहावीला सिंधूचा तो धडा शिकवताना मी शेवटची ओळ फळ्यावर लिहीत नसे. तोंडी सांगायचे, आणि सांगताना खिडकीकडं बघायचं टाळायचे.

नंतर माझी बदली वाशी तालुक्यात झाली. निरोपाच्या दिवशी तिनं भाषणं होईपर्यंत दाराशी उभं राहून ऐकलं, माझ्या हातात शेंगांची पिशवी दिली आणि म्हणाली, "तिकडं धरनं हायत का हो, म्याडम? आसली तर इच्चारा लोकास्नी." फोनवर बोलणं व्हायचं सुरुवातीला. पुढं कमी झालं.

शेवटची भेट झाली ती तुळजापूरच्या बसस्थानकात. मी सोलापूरला निघाले होते. मंगळवार, गर्दी मरणाची. माझी बस लागली, मी खिडकीशी जागा धरली, आणि बाहेर उमरग्याच्या बसकडं धावणाऱ्या बायकांत ती दिसली. केस पुरे पांढरे झालेले. गुडघ्यावर एक हात दाबून पळत होती. काखेत पिशवी.

"मावशी!" मी ओरडले.

तिनं मान वळवली, ओळखलं, पण थांबली नाही. चालता चालताच ओरडली, "जळकोटला चाललेय, म्याडम! येक म्हातारी हाय म्हनत्यात आपल्या गावची. दवाखान्यातनं घरी आनलीय. बोलतीय अजून!"

"बसायला जागा बघा आधी!"

तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. कंडक्टर दार लावत होता. तिनं एका हातानं दार अडवलं, आत चढली आणि तिथंच पायरीवर उभी राहून त्याला काहीतरी विचारू लागली; तेच असणार, करंजगावचं कुणी हाय का. तो मानेनं नाही नाही म्हणत होता. माझी बस हलली. तिची बस अजून जागेवरच होती, आणि ती पुढं वाकून ड्रायव्हरला सांगत होती, "चला की ओ, चला की."